चांगदेव आप्पांचा आवाज

आमच्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चारी दिशांना तोंडं केलेले भोंगे आहेत. घरपट्टी भरा, उद्या नळाला पाणी नाही, पोलिओचा डोस आहे, असलं सगळं शिपाई पुकारतो आणि ते कुणीही ऐकत नाही. मी अंगणवाडीची बाई. डोसच्या दिवशी मला घरोघर जाऊन पोरं काखोटीला मारून आणावी लागतात, त्यामुळे शिपायाच्या पुकाऱ्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. पण त्याच भोंग्यातून कुणी नुसता घसा खाकरला की गाव जागच्या जागी थांबायचं. बायकांची लाटणी पोळपाटावर राहायची, पारावरचे पत्ते हातातच राहायचे. तो घसा चांगदेव आप्पांचा असायचा, आणि आप्पा मयत सोडून दुसरं काहीही पुकारत नसत.

आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. अलीकडं शिरूर तालुका, पाण्यापलीकडं दौंड तालुका. आप्पांचा धंदा पिठाच्या गिरणीचा. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीवरून बोलायची सवय, तरी माईकवर ते आवाज कधी चढवायचे नाहीत. सावकाश, दोन शब्दांत जागा सोडून बोलायचे. "ऐका मंडळी. आपल्या गावचे अमुक अमुक आपल्यातून गेले. माती लेकी आल्यावर व्हईल." एवढंच. एका सरपंचांनी त्यांना 'दुःखद निधन' म्हणा, 'कैलासवासी' म्हणा, असं सुचवून पाहिलं होतं. आप्पा म्हणाले, "ते पेपरवाल्यांना म्हनू द्या."

यातून एक विचित्र प्रकार झाला होता. जित्या माणसाचं नाव आप्पांच्या तोंडून निघू नये, असं म्हाताऱ्या बायांना वाटायचं. पोरं भांडताना एकमेकांना "आप्पा तुझं नाव घेतील" असं म्हणायची, आणि ती आमच्या गावातली सगळ्यात वाईट शिवी होती. आप्पांनीही ते मनावर घेतलं होतं. कुणालाच नावानं हाक मारायची नाही. आत्या, मामा, काका, मला बाई. स्वतःच्या बायकोला, धुरपदावहिनींना, ते उभ्या जन्मात 'अगं ए'च्या पुढं गेले नाहीत. मी चिडवायचे, "आप्पा, रेशनकार्डावर तरी वहिनींचं नाव घातलंय का?" ते नुसते हसायचे.

त्यांचा एक नेम होता. मयताचं तोंड स्वतः बघितल्याशिवाय ते माईकपाशी जायचे नाहीत. एकदा पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला की अमके म्हातारबाबा गेले. घरचे म्हणाले, पुकारा करा, पाहुण्यांना निघायला हवं. आप्पा गिरणी बंद करून फाट्यावर जाऊन बसले. गाडी आली, चादर बाजूला करून त्यांनी बघितलं, कपाळाला हात लावला आणि मगच ग्रामपंचायतीकडं वळले. लोक चिडले होते. आप्पा म्हणाले, "मी सोता बगितल्याबिगर नाव घेत न्हाई." त्यामुळेच आप्पांनी नाव घेतल्यावर 'खरं का?' असं कुणी कधी विचारलं नाही.

आणि तरीही ते फसले. चांगल्या माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, थोडा निगरगट्टपणा पुरतो, असं माझं मत झालेलं आहे.

त्या साली पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नव्हता. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत नद्या घरांत शिरल्या होत्या. आमच्या गावातल्या पोरांनी स्वतः ट्रॅक्टर भरून धान्य आणि चादरी नेऊन दिल्या, ते खरं काम होतं. गावाचं मन तेव्हा ओलंच होतं. अशात दिवाळीच्या तोंडावर एक पिकअप आला. बाजूला फलक, त्यावर पाण्यात उभ्या लेकरांचे फोटो. बरोबर दोन तरुण आणि पांढऱ्या ड्रेसमधली एक गोड बोलणारी मुलगी, गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, तसल्या नावाच्या खऱ्या संस्थाही कुठं तरी असतील. त्यांच्या स्पीकरवर त्या मुलीचंच रेकॉर्डिंग लागलेलं, पुस्तकातल्यासारखं शुद्ध. एका कुत्र्याखेरीज कुणी बाहेर आलं नाही.

मग त्यांनी चहाच्या टपरीवर चौकशी केली की या गावात लोक कुणाचं ऐकतात. टपरीवाल्यानं गिरणीकडं बोट केलं.

मी तेव्हा ज्वारी दळायला गिरणीतच बसले होते. मुलगी आत आली ती थेट आप्पांच्या पाया पडली. तिनं मोबाइलवर एका गावाचा व्हिडिओ दाखवला. चिखल, आडवी झालेली घरं, डोक्याला पट्टी बांधलेलं एक पोर. ती म्हणाली, "याच्या घरातली सगळी गेली आप्पा. आणि त्यांचा पुकारासुद्धा झाला नाही. पुकारायला गावात कुणी उरलंच नव्हतं."

हे तिला कुणी शिकवलं असेल, याचा मी पुढं फार विचार केला. आप्पांनी हात लांब करून गिरणीचं बटण बंद केलं. त्यांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "आप्पा, एकदा जाऊन बघून तरी या. संस्था कुठली, माल कुठं जातो."

"बाई," ते म्हणाले, "हे काय मयत हाय व्हय, तोंड बघाया जायाला? चांगलं काम हाय."

त्यांची चूक एवढीच. मरणाची खातरजमा करायची असते, चांगल्या कामाची कशाला, असं त्या सरळ माणसाला वाटलं. मुलीनं मोबाइल तोंडापुढं धरला. नाव सांगा म्हणाली. "नाव कशाला," आप्पा म्हणाले, "लोक आवाज वळखत्यात." मग त्यांनी सवयीनं घसा खाकरला आणि बोलले, "ऐका मंडळी. पुरानं मानसं गेली. लेकरं उघडी पडली. दिवाळी हाय. घरात जास्तीचं आसंल ते गाडीत टाका."

गाडीवाल्यांनी रेकॉर्डिंगमधलं ते घसा खाकरणंही काढून टाकलं नाही. दुपारी पिकअप गल्लीत शिरला आणि स्पीकरमधून पहिल्यांदा तेवढंच ऐकू आलं. सगळ्या बाया पदर डोक्यावर ओढून, हातातलं टाकून दाराशी आल्या. कोण गेलं, कोण गेलं, असं एकमेकींना विचारत होत्या. गेलेली माणसं परगावची आहेत आणि मागं लेकरं उरली आहेत, हे कळल्यावर तशाच आत वळल्या आणि धान्य, साड्या, भांडी घेऊन आल्या. काहींनी कार्डापुढं मोबाइल धरला. मी दिवाळीची नवी साडी दिली, घडी न मोडलेली.

दगडाबाईनं दिलं ते मात्र कुणीच दिलं नाही. दगडाबाई आमच्या अंगणवाडीमागं एकटी राहते. तिची लेक वैष्णवी लग्न ठरलेलं असताना तापानं गेली, त्याला बरीच वर्षं झाली. रुखवतासाठी घेतलेली स्टीलची भांडी दगडाबाईनं फळीवर तशीच ठेवली होती. आमच्याकडं भांड्यांवर नाव घालून घेतात, तसं प्रत्येक भांड्यावर मशीननं टिंबाटिंबांनी काढलेलं होतं: 'वैष्णवीस, आईकडून'. ती त्यांतून कधी पाणी प्यायली नाही. तिनं ती सगळी पोत्यात भरून पिकअपमध्ये ठेवली. मला म्हणाली, "कुनाच्या तरी लेकीच्या संसाराला व्हतील. आप्पानीच सांगितलं म्हंजी चांगल्याच घरी जात्याल."

पुढच्या आठवड्यात मी दौंडला बहिणीकडं गेले होते. तिथल्या बाजारात जुन्या भांड्यांचा एक ढीग लागलेला, किलोवर विक्री. सवयीनं वाकून एक ग्लास उचलला, आणि त्यावर वाचलं: 'वैष्णवीस, आईकडून'. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "पिकअपवाले टाकून जातात ताई. सीझन आहे त्यांचा." मी त्या ढिगात गुडघे टेकून बसले आणि वैष्णवीचं नाव असलेली सापडतील तेवढी भांडी वेचली. येणारीजाणारी माणसं माझ्याकडं बघत होती. मला रडू येत होतं आणि त्या विक्रेत्याच्या डोक्यात एखादं पातेलं घालावंसंही वाटत होतं.

दगडाबाईकडं जायचं धाडस झालं नाही. मी पिशवी घेऊन गिरणीत गेले. आप्पांनी ग्लास उजेडाकडं धरून वाचला. "गाडीतनं पडला आसंल," ते म्हणाले. मी पिशवी त्यांच्यापुढं रिकामी केली. बराच वेळ त्या ग्लासातलं पीठ अंगठ्यानं पुसत बसले, ग्लासात पीठ नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार दिली. सायबरच्या नंबरवर फोन केला, कार्डावरचं खातं बंद झालं. पिकअप काही सापडला नाही. आप्पा माईकवर गेले आणि मयत नसताना पहिल्यांदा बोलले. "ऐका मंडळी. ती गाडी खोटी व्हती. माझा आवाज त्यांनी वापरला. कुनी काय देऊ नका." मला वाटलं, झालं. लोक दोन दिवस चडफडतील आणि करंज्या तळायला लागतील.

त्या दुपारी दगडाबाई गिरणीत आली. सकाळी धीर करून तिची भांडी मी तिला परत दिली होती. आप्पांसमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आप्पा, माज्या वैष्णवीला तुमीच पुकारलं व्हतं. तवा खरं व्हतं ना?"

गिरणी चालू होती, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. आप्पा म्हणाले, "व्हय आत्या. मी बगितलं व्हतं."

"मला बायांनी नीट तोंड बगू दिलं न्हाई," दगडाबाई म्हणाली. "मला भवळ यायची म्हनून. मी तुमच्या पुकाऱ्यावरच इस्वास ठिवला."

ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि परत तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. कुठलंही वेडेपण चेहऱ्यावर नाही, चांगलं धुतलेलं लुगडं, हातात डबा, आणि तोच प्रश्न. मी संध्याकाळी तिच्याकडं डोकावले तर तिनं दोन ताटं वाढली होती आणि दुसऱ्या ताटाशी तो ग्लास पाण्यानं भरून ठेवला होता. मी उंबऱ्यावरूनच मागं फिरले.

फसवणाऱ्यांनी नेलं ते गावाला परवडण्यासारखं होतं. पण आप्पांचा आवाज एकदा खोटा ठरला, म्हणजे आजवर त्यानं पुकारलेली सगळी माणसं अर्धवटच गेलेली राहिली. हे आप्पांना माझ्याआधी कळलं. त्यांचं जेवण सुटलं.

त्यात तो आवाज थांबत नव्हता. खातं बंद झालं तरी गाडीवाल्यांना धान्य आणि भांडी मिळतच होती. रोज कुणाचा ना कुणाचा फोन यायचा. तुमचे आप्पा आज यवतच्या बाजूला होते. आज राहू गावाकडं होते. एकाच दिवशी दोन दिशांना ते असायचे, म्हणजे गाड्याही दोन झालेल्या. तिन्हीसांजेला वारा नदीवरून आला की पलीकडून घसा खाकरल्याचं स्पष्ट ऐकू यायचं आणि गिरणीच्या पायरीवर बसलेले आप्पा दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावायचे. धुरपदावहिनी मला म्हणाल्या, "बाई, ह्ये घरात जेवत असत्यात आन् तकडून ह्यांचा आवाज येतो. माजा घास उतरत न्हाई."

मग आप्पांनी गावातल्या पप्पूची रिक्षा ठरवली, वर कर्णा बांधला आणि स्वतःच निघाले, त्या आवाजाच्या मागं. मी सोबत गेले, कारण दोन दिवस उपाशी माणसाला एकटं सोडवत नव्हतं. पहिल्याच गावात वेशीशी रिक्षा थांबली. आप्पांनी घसा खाकरला. "ऐका मंडळी. माझ्या आवाजाची गाडी आली तर..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. दारं उघडली. बाया सुपं घेऊन बाहेर आल्या. आप्पा माईकवर सांगत होते, देऊ नका, खोटं हाय, देऊ नका, आणि एक म्हातारी त्यांच्या पायाशी रिक्षात गहू ओतत होती. मी तिचा हात धरला तर ती मला म्हणाली, "असू दे गं, गरिबाची लेकरं हायेत." दुसरी एक जण मागं पडलेली, ती धापा टाकत लाडवांचा डबा घेऊन आली. आप्पांनी माईक खाली ठेवला. परत निघण्याआधी गहू त्यांनी मुठीमुठीनं वेचून पिशवीत भरला आणि पप्पूला तो त्या म्हातारीच्या घरी नेऊन द्यायला सांगितला.

धनत्रयोदशीची सकाळ. घराघरांत तळण चाललेलं, पोरं किल्ल्यावर मावळे मांडत होती. आणि भोंग्यातून घसा खाकरल्याचं ऐकू आलं. आता हे माईकवर कशाला गेले, म्हणून मी कढईखालचा गॅस बंद केला.

"ऐका मंडळी," आप्पा म्हणाले. नेहमीसारखंच सावकाश. "आपल्या गावचे गिरनीवाले चांगदेव सखाराम टेमगिरे आपल्यातून गेले."

मी जागच्या जागी खाली बसले.

"माती न्हाई. दहावा न्हाई. हितनं पुढं त्येंचा आवाज कुठल्या बी गाडीतनं, कुठल्या बी फोनातनं आला, तर त्यो मेलेल्या मानसाचा आवाज हाय. दार उघडू नका. धान्य घालू नका. दान करायचं आसंल तर सोता जाऊन, डोळ्यांनी बगून करा." मग ते थांबले. श्वास तेवढा ऐकू येत होता. "दगडाआत्याच्या वैष्णवीचं नाव घेतलं, तवा मी जित्ता व्हतो. ती गेली. मी तिच्या कपाळाला हात लावला व्हता. तिथवरचं समदं खरं हाय."

भोंगा खटकन बंद झाला.

मी धावले. गाव धावलं. पुकारा झाल्यावर त्या घरी जायचं, ही पायांची सवय. आप्पा ग्रामपंचायतीतून चालत आले आणि आपल्याच दारातली ती गर्दी बघून बाजूला उभे राहिले. त्यांना वाट कशी द्यावी, हे कुणाला कळेना. काही माणसांनी टोप्या काढल्या होत्या. सणासुदीला असलं अभद्र बोलतात का, म्हणून सरपंच तोंडात पुटपुटत होते, पण मोठ्यानं बोलायचं धैर्य त्यांना झालं नाही. धुरपदावहिनी उंबऱ्यावर बसून नवऱ्याला शिव्या देत होत्या आणि रडत होत्या. "मी जित्ती असताना माजं कुकू पुसलंत," त्या म्हणत होत्या, "माईकवर!" आप्पा मान खाली घालून ऐकत होते.

तेवढ्यात दगडाबाई आली. ती आप्पांकडं गेली नाही. वहिनींशेजारी, दुखवट्याला बसतात तशी, भिंतीला पाठ लावून बसली. वहिनींचा हात हातात घेतला आणि तिनं मोठ्यानं सूर काढला. वैष्णवी गेली तेव्हा ती रडली नव्हती, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. ती त्या दिवशी रडली, नाव घेऊन, सगळं सांगत, अंधार पडेपर्यंत. तिनं परत कधी गिरणीत येऊन तो प्रश्न विचारला नाही.

तो पुकारा कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो दोन्ही तालुके फिरला. न्हावरे, केडगाव, पाटस, कुठून कुठून पाहुण्यांचे फोन आले. काही जण खरंच मातीला निघाले होते. त्यांना मी समजावून सांगायचे आणि शेवटी कंटाळून म्हणायचे, होय, गेले, गाडीला काही देऊ नका. आता आमच्या गावात मयताचा पुकारा शिपाई करतो. लोक एकमेकांना फोन करून विचारतात, खरं का? आप्पा गिरणी चालवतात, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. बोटांनी खुणा करतात. माझ्याशी आणि वहिनींशी बोलतात तेही अगदी हळू, तोंड कानाशी आणून.

तुळशीची लग्नं झाल्यावर माझ्या भाचीचा, प्रांजलचा फोन आला. ती कारेगावात राहते आणि कंपनीत कामाला जाते. "मावशी," ती म्हणाली, "काल तुमच्या आप्पांची गाडी आली होती आमच्या खोल्यांपुढं."

"कुणी काही दिलं का?" मी विचारलं.

"छे. तो मेसेज सगळ्यांकडं आलाय. आवाज आला आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली. माझ्या शेजारची भाभी तर यूपीची, तीसुद्धा म्हणाली, 'ये तो मरे हुए आदमी की आवाज है,' आणि लेकरांना आत ओढलं. गाडी किती वेळ ओरडत होती. शेवटी गेली वैतागून."

मला इतका आनंद झाला की मी चपला न घालता रस्ता ओलांडून गिरणीत गेले. आप्पा कट्ट्यावर पीठ भरत होते. मी सगळं सांगितलं.

"कुनीच दार उघडलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"माजा आवाज ऐकून?"

"तुमचा आवाज ऐकून, आप्पा. एकही दार उघडलं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, सोडलं, परत बांधलं. मग त्याच पोत्यावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी दातांत घट्ट धरला होता, आवाज बाहेर फुटू नये म्हणून. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांना मोकळं रडता यावं म्हणून मी पुढं होऊन गिरणी चालू केली.